मचाणावरचा देवव्रत

न्यू लिन, ऑकलंड
१४ सप्टेंबर २०२५

ती. शकुआत्यास,
देवव्रतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून या देशात पोस्टाची तिकिटं विकत घेणारा मी बहुधा शेवटचा इंजिनिअर असेन. पण या खेपेची बातमी पत्राच्याच लायकीची आहे. आमच्या क्लबाने मला हेड कोच केलं! ग्रेग, आमचा जुना हेड कोच, मुलीजवळ राहायला ब्रिस्बेनला गेला. कमिटीत माझ्याशिवाय दुसरं नावच निघालं नाही.

तू विचारशील, मग इतकी वर्षं काय करत होतास? अगं, अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन खाती असतात. एक पुढे घुसायचं, दुसरं समोरच्याला घुसू न देण्याचं. हे दुसरं खातं माझ्याकडे होतं. मैदानाच्या कडेला लोखंडी नळ्यांचं एक मचाण आहे. त्यावर मी एकटा बसायचो, कानाला हेडफोन, मांडीवर आकृत्या. वरून बावीसच्या बावीस माणसं दिसतात. समोरचा संघ काय करणार हे मला त्यांच्या पायांवरून कळतं. मग मी खाली सांगायचो आणि आमची पोरं भिंत घालायची. गेल्या वर्षी फायनल जिंकलो ती त्याच भिंतीवर.

आता ते खातं सिओनेकडे दिलं आहे. हा आमचाच जुना खेळाडू, टोंगाचा, पेनरोजला मी काम करतो त्या डेपोशेजारी कुरिअरची व्हॅन चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण आकृती पाहिली की जांभया देतो. बघू.

महाराष्ट्र मंडळाने गणपतीत माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण, ज्यात त्यांनी मला तीनदा सॉकरचा कोच म्हटलं. आमच्या श्रियाने सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजीत दुरुस्ती केली. आईने तो फोटो पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे.

स्नेहल आणि तिचा आरव यांना आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती या मोसमात जरा जास्त लागेल.

तुझा,
देवव्रत


इन्व्हरकार्गिल
२३ सप्टेंबर २०२५

चि. देवव्रतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. आनंदाने स्नेहलला हाक मारली तर लेक हॉस्पिटलात ड्युटीवर निघाली होती, मग शेजारच्या बाईंनाच सांगितलं. त्यांना तुझा खेळ माझ्याइतकाच कळतो. आम्ही दोघींनी चीज रोल खाऊन तो साजरा केला. इकडचे चीज रोल मी आता हिरवी मिरची घालून करते आणि चर्चच्या बायका ते लपूनछपून मागतात.

इथे वारा असा आहे की दोरीवरचे कपडे शेजारच्या गावात वाळत असावेत.

तुझ्या मचाणाचं वाचून मला माझी विंग आठवली. तुला माहीतच आहे, सांगलीला आमचे बाळासाहेब नाटकं बसवायचे आणि मी प्रॉम्प्टिंग करायचे. सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ. नट अडखळायच्या आधी मला त्याच्या श्वासावरून कळायचं. एका वर्षी यांचा गुडघा गेला आणि नाटक मी बसवलं. तालमी झकास. पण प्रयोगाला मी काय केलं असेल? प्रेक्षकांत बसायचं सोडून विंगेत जाऊन उभी राहिले आणि कोणी अडायच्या आधीच वाक्यं पुरवू लागले. दुसऱ्या अंकापर्यंत सगळे नट मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होते. पेपरवाल्याने लिहिलं की नाटकातल्या सर्व पात्रांना एकाच बाजूचा मानेचा विकार आहे. बाळासाहेब ते कात्रण दाखवून वर्षभर हसले.

हे गंमत म्हणून लिहिलं. तुला लागू नाही म्हणा. पण एक विचारते, आता मचाणावर कोण बसणार?

अनुष्काला आणि श्रियाला गोड पापा. पोरीला म्हणावं, इंग्रजीत दुरुस्ती केलीस ते ठीक, आत्याआजीला मराठीत चार ओळी लिही.

शुभचिंतनात सदैव असलेली,
शकुआत्या


न्यू लिन
२२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यांस,
अनुष्काचा सा. नमस्कार.

दिवाळीच्या शुभेच्छा. हे पत्र मी सिटीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये लिहितेय, अक्षर माफ करा. देवव्रतला सांगितलेलं नाही. त्याचं पत्र तुम्हाला आलं नसणार, कारण लिहिण्यासारखं काही नाही असं त्याला वाटतं. तिन्ही मॅच हरले, आत्या. तिसरी तर अशी की मध्यंतरालाच समोरची मंडळी सॉसेज खायला निघाली.

मला खेळ कळत नाही, पण नवरा कळतो. पूर्वी तो मचाणावर असायचा तेव्हा घरी येऊन तासभर बोलायचा, चहाच्या कपांनी टेबलावर खेळ मांडून दाखवायचा. आता जेवताना घास हातात तसाच राहतो. मैदानाच्या कडेला उभा असतो तर सतत सिओनेच्या मागे, त्याच्या कानात काहीतरी सांगत. सिओने एक बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात हा दुसरं बोलतो. पोरं बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघतात. तुमच्या मानेच्या विकाराची गोष्ट त्याने मला हसत हसत वाचून दाखवली होती. ती आपलीच आहे हे त्याला काही उमगलेलं दिसत नाही.

आणि हेड कोचला बाकीचंही बघावं लागतं. कोणाला घरून आणायचंय, कोणाची नोकरी सुटली, कोणाची बायको रागावलीय. ग्रेग हे सगळं बार्बेक्यूजवळ उभा राहून करायचा. मी चकल्यांचा मोठा डबा दिला होता सरावाला न्यायला. तो गाडीत तसाच राहिला. विचारलं तर म्हणाला की आकृत्या काढताना लक्षातच आलं नाही.

श्रिया काल म्हणत होती की बाबा पूर्वी फन होता. तिने ते इंग्रजीत म्हटलं, मला मराठीत लागलं.

तुम्ही त्याला काहीतरी लिहा, पण मी कळवल्याचं कळू देऊ नका. त्याने हा खेळ मनापासून केला आहे. तो त्याच्या हातून जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

आमच्यावर आहे ती माया राहू द्या.

तुमची,
अनुष्का


न्यू लिन
९ नोव्हेंबर २०२५

ती. शकुआत्यास,
देवव्रतचा शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण आम्ही सारखे हरत होतो आणि मला तुझ्यासमोर रडगाणं गायचं नव्हतं. पण काल जिंकलो आणि तेही अशा अडचणीत की ग्रेगनेसुद्धा ब्रिस्बेनहून मेसेज केला.

झालं असं. राविरी आमचा कॅप्टन. भिंतीतला मधला दगड म्हण. माओरी आहे, हेंडरसनला राहतो. मंगळवारी त्याची आजी गेली. त्यांच्यात टांगी असते, म्हणजे मृत माणसाला माराएवर, त्यांच्या चावडीवर म्हणू, ठेवतात आणि तीन दिवस सगळे त्याच्याजवळच राहतात. ते गाव पार वर, काइकोहेला. सिओने म्हणाला की व्हॅन करू, गुरुवारचा सराव सोडून सगळे जाऊ. मी विचार केला, घरच्यांना शांतपणे असू द्यावं, आपण तीस जण जाऊन गर्दी कशाला करायची? क्लबातर्फे फुलं पाठवली. राविरीला मागे पडल्यासारखं वाटू नये म्हणून नव्या आकृत्याही फोनवर पाठवल्या, सवडीने बघ म्हणून.

आणि मी कामाला लागलो. राविरीची जागा एका माणसाने भरण्यासारखी नाही. मी तिचे तीन तुकडे केले आणि तिघांना वाटून दिले. सिओनेला म्हटलं, आज एक दिवस मलाच बोलू दे. आत्या, ते घड्याळासारखं चाललं! समोरच्यांना कळेचना की भोक कुठे आहे.

मॅचनंतर आम्ही सगळे गोल करून उभे राहतो. तिथे मी पोरांना सांगितलं की हीच खरी तयारी, राविरीची उणीव आज एक क्षणही भासली नाही. तो स्वतः मॅचच्या शेवटच्या भागात येऊन दोरीपाशी उभा होता, काळ्या कपड्यांतच, गावाहून थेट. त्यानेही ऐकलं. आपल्यामुळे कोणाचं अडलं नाही म्हणून त्याला बरंच वाटलं असणार.

पोरं थकलेली होती, फार आरडाओरडा न करता घरी गेली. मी मात्र महिन्यानंतर पोटभर जेवलो.

तुझा आशीर्वाद पोचला म्हणायचा. असाच पोचत राहो.

तुझा,
देवव्रत


इन्व्हरकार्गिल
१५ नोव्हेंबर २०२५

चि. देवव्रतास,
आशीर्वाद.

जिंकलात, छान झालं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी शोधत होते की तू राविरीकडे भेटायला कधी गेलास. ते लिहायचं राहिलं असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, राहिलं नाही, झालंच नाही.

देवा, हे माओरी आणि मराठी असं काही नाही रे. भेटायला आपल्याकडेही जातात. प्रकाश गेला तेव्हा तू विमानातून उतरून घरी आलास, आठवतं? जिन्यापर्यंत चपला होत्या. माझा भाऊ बँकेत साधा माणूस होता, पण त्याचा शिपाई काशिनाथ मिरजेहून एसटीने आला आणि दाराशी बसून राहिला. तू त्याच्या गळ्यात पडून रडलास. त्या वेळी बँकेच्या मॅनेजरने येऊन तुला म्हटलं असतं, की तुमच्या वडिलांची उणीव आम्हाला एक क्षणही भासली नाही, आम्ही त्यांच्या कामाचे तीन तुकडे करून वाटून टाकले, तर तुला काय वाटलं असतं?

रागावून लिहीत नाही. म्हणजे, थोडी रागावलेच आहे. तू दुष्ट नाहीस, हे मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे. तुला जागा दिसते आणि ती भरायची युक्ती दिसते. वरून पाहणाऱ्याचं तेच काम असतं आणि तू ते उत्तम केलंस. पण आता तू खाली उभा आहेस. खालून माणसांची तोंडं दिसतात, ती बघ.

आता काय करायचं ते सांगते. पिठलं-भात कर. अनुष्काला सांगू नकोस, स्वतः कर, हॉस्टेलवर करायचास तसा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपण नेतो ना, तसा घेऊन जा. उशीर झाला आहे हे त्यांना दिसेलच, तू सबबी सांगू नकोस. आकृत्या घरी ठेव.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे वेगळं लिहायला नको.

शकुआत्या


न्यू लिन
२५ नोव्हेंबर २०२५

ती. शकुआत्यास,
देवव्रतचा शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी सरावाला निम्मी पोरं आली नव्हती. मी सिओनेला विचारलं की फ्लूची साथ आहे का. तो बुटाची नाडी बांधू लागला. मग म्हणाला की साथ वगैरे नाही. मी आजारी पडलो किंवा माझी आई गेली तर इथे माझे तुकडे करून वाटतील, असं प्रत्येकाला वाटतंय. तुझंच वाक्य, आत्या. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखतही नाही.

मला फार लाज वाटली. गाडीत बसून मी रडलो, हे अनुष्कालाही सांगितलेलं नाही.

शनिवारी पिठलं केलं. बेसन न्यू लिनच्या इंडियन दुकानातलं, गुठळ्या माझ्या स्वतःच्या. हेंडरसनला गेलो. दार राविरीच्या आईने उघडलं. मी किआ ओरा, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणालो आणि पुढचं सगळं विसरलो. हातातलं पातेलं तेवढं पुढे केलं. आमच्याकडे दुःखाच्या घरी हे नेतात, मी ते वेळेवर आणायला हवं होतं, असं कसंबसं सांगितलं. तिने झाकण काढून वास घेतला आणि मला आत बसवलं. त्या घरात आजीचा फोटो कोचावर, माणसासारखा टेकून ठेवलेला होता. मला त्याच्या शेजारीच जागा दिली.

राविरीने पिठलं दोनदा घेतलं, वरून टोमॅटो सॉस घालून, ते तू वाचलं नाहीस असं समज. मग म्हणाला की पहिल्यांदा सरावाला त्याला आजीनेच आणून सोडलं होतं आणि तो पळून जाऊ नये म्हणून ती गाडीत बसून राहिली होती. मला हे कधी माहीतच नव्हतं. पाच वर्षं त्याच्या पायांवरून तो कुठे वळणार हे मी सांगत आलो, पण त्याची आजी मला माहीत नव्हती. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की तू मचाणावर असायचास तेव्हा तुझा आवाज कानात आला की आम्हाला धीर यायचा. आता तू आमच्याशेजारी उभा असतोस आणि तरी वरूनच बघत असतोस.

आत्या, मला वाटतं, मी हे सोडावं. मला ते येत नाही. आणि ज्या क्षणी हे लिहिलं त्या क्षणी मंडळाची शाल, आईने पाठवलेला फोटो, कमिटीचा विश्वास, सगळं डोळ्यांसमोर आलं. चाळिशी उलटलेल्या माणसाने एक पायरी खाली उतरायचं म्हणजे लोकांना काय सांगायचं? तूच लिही.

देवव्रत


इन्व्हरकार्गिल
२ डिसेंबर २०२५

चि. देवव्रतास,
अनेक आशीर्वाद.

पिठल्यावर सॉस घालणाऱ्याला मी माफ केलं आहे, त्याला कळव.

लोकांना काय सांगायचं याची काळजी मला सोपवून दे. तुझ्या आईला मी लिहिते. मंडळाचे अध्यक्ष अजून तुला सॉकरचाच कोच समजतात, त्यांना काही फरक पडणार नाही.

माझ्या नाटकाची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. पुढच्या वर्षी यांचा गुडघा बरा झाला आणि मी परत विंगेत गेले. बायका कुजबुजल्या, हिला जमलं नाही म्हणून काढलं. मीही महिनाभर मान खाली घालून तालमीला गेले. पण प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली, पडदा सरकला, माझ्या हातात माझी वही आणि समोर माझी माणसं. देवा, मला इतकं हायसं वाटलं की पहिलं वाक्य मला दिसेना, डोळेच भरले होते. ती माझी जागा होती. तिला लहान समजत होते, ते मीच.

पण तू अर्ध्यात सोडू नकोस. मोसम पुरा कर आणि या शेवटच्या मॅचला सिओनेच्या कानापासून लांब उभा राहा. तोंडात लवंग धर, मी तेच करायला हवं होतं. मग काय ते ठरव.

अनुष्काला सांग की तिचं अक्षर ट्रेनमध्येसुद्धा चांगलं येतं. आता भांडणार असाल तर दोघांनी मिळून माझ्याशी भांडा.

तुम्हा तिघांचं भलं चिंतणारी,
शकुआत्या


न्यू लिन
८ फेब्रुवारी २०२६

ती. शकुआत्यास,
देवव्रतचा शि. सा. न. वि. वि.

स्नेहलच्या फोनवर फोटो पाठवले होते, पण शेवटच्या मॅचचं नीट लिहीन म्हणालो आणि सुट्टीच आडवी आली. आता सविस्तर.

आम्ही हरलो, थोडक्यात. मी लवंगा चघळत पाण्याच्या बाटल्यांपाशी उभा होतो. सिओने एकटा बोलत होता. दोनदा मला साफ दिसलं की तो चुकतोय. पहिल्यांदा तो खरंच चुकला. दुसऱ्यांदा मी चुकलो होतो. पण सगळी पोरं आली होती, आत्या, आणि हरल्यावरही अंधार पडेपर्यंत बार्बेक्यूजवळून कोणी हलेना. अनुष्काच्या चकल्या या वेळी गाडीत राहिल्या नाहीत. एकाने बिअरमध्ये बुडवून खाल्ली आणि 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे एकदम झकास, असा शेरा दिला.

जानेवारीत मी कमिटीला सांगितलं. हेड कोच सिओने, मी परत मचाणावर. वाटलं होतं, सांगताना जड जाईल. जड गेलंच. सिओने आधी नाही म्हणाला, त्याला आकृत्या येत नाहीत म्हणून. मी म्हटलं, त्या माझ्याकडे असू देत. राविरी ते ऐकून हसला आणि म्हणाला की कोच मचाणावर असला की आम्हाला रात्री निवांत झोप लागेल. परवा पहिल्यांदा शिडी चढलो. नटबोल्ट जरा गंजलेत, एक पायरी हलते. वर बसलो, बावीसच्या बावीस माणसं दिसली आणि तुला विंगेत काय झालं असेल ते मला कळलं.

आता खरी गोष्ट. माओरी लोकांत वर्षभराने थडग्याच्या दगडावरचं कापड काढतात. आपल्या वर्षश्राद्धासारखं, सगळे जमतात. राविरीच्या आजीचा तो दिवस नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी ठरला आहे, म्हणजे ऐन मोसमात. त्याच्या आईने मला मुद्दाम निरोप पाठवला की यायचं आणि ते पिवळं जेवण जास्त आणायचं. मी काल सरावाला जाताना हाच विचार करत होतो, की त्या दिवशी मॅच आली तर राविरीची जागा... आणि मनातल्या मनात दोन माणसं सरकवलीसुद्धा. सवय आहे गं.

मैदानावर पोचलो तर सिओनेने लीगला आधीच लिहून तो शनिवार मोकळा करून घेतला होता आणि दोन व्हॅन बोलून ठेवल्या होत्या. मोसमाला अजून आठ महिने आहेत, वेळापत्रक लागलेलंही नाही, संघात कोण असेल त्याचा पत्ता नाही. हेड कोच म्हणून त्याने केलेलं हे पहिलं काम. त्याने मला विचारलंसुद्धा नाही. हे मला कधीच सुचलं नसतं, आत्या. म्हणून तो खाली आणि मी वर, आणि दोघांचं बरं चाललं आहे.

त्यातली एक व्हॅन मी चालवणार आहे. चाळीस माणसांचं पिठलं कसं करतात, गुठळ्या न होता, ते सविस्तर लिही. किंवा असं कर, नोव्हेंबरमध्ये तूच ये. माझ्याशेजारच्या सीटवर कोणाला बसू देणार नाही.

सोबत श्रियाच्या मराठीतल्या चार ओळी आहेत. तिसरी ओळ माझ्याबद्दल आहे. ती मी वाचली नाही असं तिला वाटतं, तूही तसंच समज.

तुझी माया अशीच असू दे, मला ती वरूनही दिसते.

तुझा,
देवव्रत